कौन्सिलविरुद्ध ओम्बड्समनकडे जाताय? आधी त्याच्या हातात काय नाही ते बघा

इथे इंग्लंडमध्ये आमच्या शेजाऱ्याने मागच्या बाजूला दोन मजली एक्स्टेन्शन बांधलं आणि भर दुपारी बाराला किचनमध्ये लाइट लावायची वेळ आली, तेव्हा मी ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारा, हा शब्द पहिल्यांदा सीरियसली घेतला. त्याआधी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेसारख्या ऑफिसच्या, पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला असतो एवढीच त्याची माझी ओळख. मला वाटलं चला, वरचा साहेब सापडला, आता तो कौन्सिलला झापेल, बांधकामाची परमिशन रद्द करेल, फाइलवर सही करणाऱ्या ऑफिसरला घरी बसवेल. दीड महिन्याने उत्तर आलं, आम्ही या तक्रारीची चौकशी करणार नाही. दोन पानी, अगदी सभ्य भाषेत. त्या दिवशी जाम चिडलो होतो, पण नंतर शांतपणे नियम वाचले आणि कळलं की तक्रार खोटी नव्हती, मी चुकीच्या दारात जाऊन चुकीची गोष्ट मागत होतो. आता ओळखीतलं कोणी इकडे घर घेतं, मुलं शाळेत घालतं आणि कौन्सिलशी वाजलं की मला फोन करतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे बरं का. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडला त्यांचे त्यांचे वेगळे ओम्बड्समन आहेत, तिथले नियमही वेगळे. इंग्लंडमधल्याचं पूर्ण नाव लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, कायदा १९७४ चा, हे लांबलचक नाव मात्र २०१७ पासूनचं. फुकट असतं, वकील लागत नाही, आणि तुमच्या परवानगीने मुलगा-सून-मित्र कोणीही तुमच्या वतीने तक्रार करू शकतं. आपल्याकडून आलेल्या लोकांच्या डोक्यात लोकायुक्त असतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने लोकायुक्ताकडे गाऱ्हाणीही दिली आणि भ्रष्टाचाराचे आरोपही. इथला ओम्बड्समन लाचखोरी पकडायला बसलेला नाही. कोणीतरी पैसे खाल्ले असा संशय असेल तर तो पोलिसांचा विषय, त्याच्या फॉर्ममध्ये ते लिहिलंत तर उलट तुमचा खरा मुद्दा त्या गदारोळात हरवतो.

आता मेन गोष्ट, आणि हीच कोणी नीट सांगत नाही. कौन्सिलचा निर्णय बरोबर की चूक हे ओम्बड्समन बघतच नाही. कायद्यातच तसं आहे, निर्णय घेताना कारभारात खोट नसेल तर त्या निर्णयावर त्याला बोट ठेवता येत नाही. तो बघतो निर्णय कसा घेतला ते. सगळे कागद बघितले का, स्वतःचीच पॉलिसी पाळली का, तुमचं म्हणणं विचारात घेतलं का, कारणं लिहिली का, उगाच महिनोन्महिने फाइल दाबून ठेवली का. या खोटीला ते फॉल्ट म्हणतात. आणि नुसता फॉल्ट सापडून भागत नाही, त्या फॉल्टमुळे तुमचं स्वतःचं काहीतरी नुकसान झालेलं पाहिजे. दोन्ही पाहिजे, एक असून चालत नाही. १९६६ मध्ये पार्लमेंटमध्ये ओम्बड्समनच्या पहिल्या कायद्यावर चर्चा चालू असताना रिचर्ड क्रॉसमन नावाच्या मंत्र्याने खराब कारभार म्हणजे काय याची यादी दिली होती, त्यात पक्षपात, दुर्लक्ष, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी वगैरे होतं. यादी वाचताना असं वाटतं की माणूस आपल्या तलाठी ऑफिसात जाऊन आला असावा. पण त्या यादीत चुकीचा निर्णय हा शब्द कुठे नाही, तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या किचनचंच उदाहरण घेऊ. मी लिहिलं होतं की एक्स्टेन्शन फार मोठं आहे, अंधार होतो, घराची किंमत कमी होणार, परमिशन द्यायलाच नको होती. यातलं एकही वाक्य ओम्बड्समनच्या कामाचं नाही, सगळी निर्णयाविषयी आहेत. त्याने काय केलं, कौन्सिलच्या साइटवर प्लॅनिंगच्या फाइलमध्ये ऑफिसरचा रिपोर्ट असतो तो उघडला. त्यात शेवटून दुसऱ्या पॅरात तीन ओळी होत्या, शेजारच्या घराची किचनची खिडकी आहे, तिच्या मध्यापासून ४५ अंशाची रेषा काढून बघितली, उजेडावर परिणाम होईल पण नाकारण्याइतका नाही. संपला विषय. ऑफिसरने खिडकी बघितली, आमचं ऑब्जेक्शन नोंदवलं, विचार केला आणि आमच्या विरुद्ध मत दिलं. मत पटत नाही हा फॉल्ट होत नाही. हा रिपोर्ट मला पण दिसत होता, पब्लिक असतो तो, पण मी तक्रार पाठवायच्या आधी उघडलाच नव्हता. प्लॅनिंगची तक्रार असेल तर पहिलं काम हेच करा, तो रिपोर्ट काढा आणि तुमच्या मुद्द्यावर त्यात काय लिहिलंय ते शोधा. काहीच लिहिलेलं नसेल, किंवा खिडकीच नाही असं काहीतरी सरळ चुकीचं लिहिलं असेल, तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

पण तिथेही फार उड्या मारू नका. माझ्या एका मित्राच्या बाबतीत, वेगळी कौन्सिल, रिपोर्टमध्ये त्याच्या बाजूच्या खिडकीचा उल्लेखच नव्हता. ओम्बड्समनने फॉल्ट मान्य केला. मग पुढचा प्रश्न, खिडकी लक्षात घेतली असती तर निकाल वेगळा लागला असता का? सगळे नकाशे बघून ते म्हणाले, बहुतेक नसता लागला. त्यामुळे मित्राला मिळाली माफी, मनस्तापाचे थोडे पौंड, आणि कौन्सिलला तंबी की रिपोर्ट लिहिणाऱ्यांना ट्रेनिंग द्या. एक्स्टेन्शन आहे तिथेच आहे. दिलेली परमिशन रद्द करायची पॉवर ओम्बड्समनला नाहीच, ते काम कोर्टाचं, जुडिशियल रिव्ह्यू म्हणतात त्याला, आणि प्लॅनिंगमध्ये त्याची मुदत निर्णयापासून फक्त ६ आठवडे. मी इथेच फसलो. कौन्सिलकडे तक्रारीचे स्टेज वन, स्टेज टू हे दोन टप्पे करता करता चार महिने गेले, आणि ओम्बड्समनकडे फाइल पोचेपर्यंत कोर्टाचं दार कधीच बंद झालेलं. कोर्ट महाग असतं, मी बहुतेक गेलोही नसतो, पण निदान एका सॉलिसिटरला विचारता तरी आलं असतं. तर परमिशनच थांबवायची असेल तर ओम्बड्समनची वाट बघत बसू नका. तो मधल्या काळात काहीही थांबवत नाही, बांधकाम नाही, कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे घरपट्टीसारख्या कराचे, हप्ते नाहीत, बेलिफची, म्हणजे वसुलीवाल्यांची, पत्रं पण नाहीत.

दुसरी मोठी मर्यादा म्हणजे दुसरं दार उघडं असेल तर तो तुम्हाला तिकडेच पाठवतो. ट्रायब्युनल, म्हणजे ठरावीक विषयांची अपिलं ऐकणारं कोर्टासारखं मंडळ, किंवा कोर्टात अपील करायचा हक्क असेल आणि तुम्ही तो वापरणं रीझनेबल असेल तर ओम्बड्समन सहसा हात घालत नाही. पार्किंगचा दंड हे सगळ्यात कॉमन. कौन्सिलचा पीसीएन, म्हणजे दंडाची नोटीस, आला की आधी कौन्सिलकडेच चॅलेंज, मग रीतसर रिप्रेझेंटेशन, मग ट्रायब्युनल, लंडनमध्ये लंडन ट्रायब्युनल्स आणि बाहेर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. तिथली मुदत घालवून ओम्बड्समनकडे रडत गेलात तर तो म्हणणार, अपील होतं ना, का नाही केलं? कौन्सिल टॅक्सचा बँड, म्हणजे घराच्या किमतीवरून ठरलेला गट, चुकीचा वाटतो, घरात एकटं राहण्याची सूट नाकारली, ही भांडणं शेवटी व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे जातात. तुमचं स्वतःचं प्लॅनिंग ॲप्लिकेशन नाकारलं तर अपील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे. हाउसिंग बेनिफिटचा, म्हणजे भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीचा, निर्णय पटला नाही तर ट्रायब्युनल. माहिती मागितली आणि दिली नाही तर इन्फर्मेशन कमिशनर. कौन्सिलच्याच घरात भाड्याने राहता आणि छत गळतंय, तर हाउसिंग ओम्बड्समन, तो वेगळा माणूस, नावं सारखी असल्यामुळे लोक हमखास चुकतात.

मात्र एकाच प्रकरणात अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे असं पण असतं, आणि तिथे डोकं चालवावं लागतं. स्पेशल नीड्सवाल्या मुलांचा ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाला कुठली मदत द्यायची हे कौन्सिलने लिहून दिलेला कागद, घ्या, आपल्या लोकांमध्ये हल्ली बरेच पालक यातून जातायत आणि लाजेने बोलत नाहीत. प्लॅनमध्ये काय लिहिलं, कुठली शाळा दिली, हे पटलं नाही तर ट्रायब्युनल. पण असेसमेंट मागितल्यापासून फायनल प्लॅन २० आठवड्यांत यायला हवा, तो ४५ आठवड्यांनी आला तर ती दिरंगाई, आणि दिरंगाई ओम्बड्समन बघतो. प्लॅनमध्ये आठवड्याला एक स्पीच थेरपीचं सेशन लिहिलंय आणि सहा महिने थेरपिस्टच नाही, हे पण तो बघतो. मुलाचं शिक्षणच बुडालं असेल तर त्यांच्या गाइडन्सप्रमाणे एका टर्मला साधारण ९०० ते २४०० पौंडांपर्यंतची शिफारस होऊ शकते. फक्त एक सांभाळा, एकदा का तुम्ही ट्रायब्युनलला अपील केलंत की त्या अपिलाशी जोडलेल्या गोष्टी ओम्बड्समनच्या हाताबाहेर जातात, म्हणून उशिराचा भाग आणि प्लॅनमधल्या मजकुराचा भाग कागदावर पहिल्यापासून वेगळा ठेवा.

शाळेच्या ॲडमिशनचं पण असंच. अपील पॅनलने नाही म्हटलं तर पॅनलचं मत तो बदलत नाही, पॅनलने तुमचे कागद वाचलेच नाहीत किंवा बोलूच दिलं नाही असं काही असेल तर नवीन पॅनलपुढे परत अपील घ्या असं सांगू शकतो, सीट देऊ शकत नाही. आणि शाळा अकॅडमी असेल, म्हणजे कौन्सिलच्या ताब्याबाहेरची सरकारी पैशांवर चालणारी, तर तेवढंही नाही, ते त्याच्या कक्षेतच येत नाही.

बाकी जे अजिबातच चालत नाही ते पटापट सांगतो. पॅरिश किंवा टाउन कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं सगळ्यात खालचं, ती त्याच्या कक्षेत नाही. कौन्सिलमध्ये नोकरी करता आणि बॉस त्रास देतो, नाही. कौन्सिलबरोबर धंद्याचं काँट्रॅक्ट आहे आणि बिल अडकलंय, नाही. जे प्रकरण कोर्टात गेलंय ते नाही. नगरसेवक उद्धट बोलला, तर कौन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे नगरसेवकांच्या वागणुकीच्या तक्रारी बघणाऱ्याकडे. आणि ज्याचा त्रास गावातल्या सगळ्यांना किंवा बहुतेकांना सारखाच होतो ते पण नाही, म्हणजे कौन्सिल टॅक्स वाढवला यावर ओम्बड्समनकडे जाऊन उपयोग शून्य, ते मतपेटीत दाखवायचं.

आता करायचं कसं. आधी कौन्सिललाच संधी द्यायची, हा नियमच आहे, डायरेक्ट गेलात तर परत पाठवतात. आणि इथे एक मेख आहे जी मला आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या कचऱ्याच्या बिनमुळे कळली. काकूंना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे त्यांना असिस्टेड कलेक्शन मंजूर होतं, म्हणजे कचऱ्याची माणसं दारापर्यंत येऊन बिन नेणार आणि परत आणून ठेवणार. पाच महिन्यांत अकरा वेळा नेलाच नाही. काकूंनी अकराही वेळा ॲपवर रिपोर्ट केलं, अकराही वेळा दोन दिवसांनी स्टेटस आलं, रिझॉल्व्ह्ड. त्यांना वाटत होतं आपण अकरा तक्रारी केल्या. एकही नव्हती! ॲपवरचा रिपोर्ट ही सर्व्हिस रिक्वेस्ट, कंप्लेंट वेगळी, तिचा फॉर्म वेगळा, तिला स्टेज असतात. मग आम्ही बसून एक ईमेल लिहिला, पहिल्याच ओळीत ही फॉर्मल कंप्लेंट आहे, स्टेज वनला घ्या असं स्पष्ट, खाली अकरा तारखा आणि अकरा रेफरन्स नंबर, बस. तक्रारी कशा हाताळाव्यात याच्या ओम्बड्समनच्या २०२४ च्या कोडप्रमाणे स्टेज वनचं उत्तर साधारण १० वर्किंग डेजमध्ये आणि स्टेज टूचं २० मध्ये अपेक्षित आहे, कौन्सिली थोड्या लांबवतात, पण १२ आठवडे होऊनही फायनल उत्तर नसेल तर तसं लिहून पुढे जाता येतं. फायनल रिस्पॉन्स म्हणून जे पत्र येतं ते जपून ठेवा, ते तुमचं तिकीट.

मुदत १२ महिने, आणि ती कौन्सिलच्या उत्तरापासून नाही तर तुम्हाला गोष्ट कळली त्या दिवसापासून. सबळ कारण असेल तर सोडतात, आजारपण वगैरे, पण "इंडियाला गेलो होतो" यावर फार भिस्त ठेवू नका.

फॉर्म भरताना तीनच गोष्टी लिहायच्या, काय करायला हवं होतं आणि काय केलं, त्यामुळे तुमचं काय झालं, आणि तुम्हाला काय हवंय. काकूंचा पहिला ड्राफ्ट असा होता की कौन्सिल अत्यंत बेजबाबदार आहे, म्हाताऱ्या माणसांची किंमत नाही, आम्ही एवढा टॅक्स भरतो. शंभर टक्के खरं आणि शून्य टक्के उपयोगी. तो बदलून आम्ही लिहिलं, अमुक तारखेच्या पत्राने असिस्टेड कलेक्शन मंजूर केलं, या अकरा तारखांना केलं नाही, तीन वेळा मी स्वतः बिन ओढला आणि एकदा पडता पडता वाचले, दर वेळी ॲपवर कळवलं आणि बिन न नेताच रिझॉल्व्ह्ड दाखवलं, मला माफी हवी, सुपरवायझरने दोन महिने लक्ष ठेवायला हवं आणि झालेल्या त्रासाबद्दल काहीतरी भरपाई. बघा, यात एकही विशेषण नाही. कागद पण मोजके जोडा, मी माझ्या वेळी साठ-सत्तर फोटो पाठवले होते, कोणी बघितले असतील देव जाणे.

भरपाईच्या आकड्याबद्दल आधीच मनाची तयारी ठेवा. नुसत्या मनस्तापाचे सहसा ५०० पौंडांपर्यंत, बऱ्याचदा शंभर-दोनशे. ही कोर्टातली नुकसानभरपाई नाही, चूक झाली हे मान्य करण्याची खूण म्हणायची. स्टाफला काढा, सस्पेंड करा हे मागूच नका, त्याच्या हातात नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस सूड घ्यायला आलाय.

फॉर्म गेल्यावर आधी छाननी होते आणि खूप तक्रारी तिथेच गळतात, माझी तशी गेली. त्यांना वाटलं फॉल्टचा पुरावा कमी आहे, किंवा नुकसान किरकोळ आहे, एकदाच बिन राहिला वगैरे, तर चौकशी न करायचा अधिकार त्यांना आहे. छाननी पार करून चौकशीपर्यंत गेलात तर मात्र चित्र बरंच बरं असतं, तिथे पोचलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये फॉल्ट निघतो. शेवटी ड्राफ्ट डिसिजन येतो, तुम्हालाही आणि कौन्सिललाही, त्यावर म्हणणं मांडायची संधी असते आणि ती वाया घालवू नका. तारीख चुकली असेल, एखादं पत्र बघितलं नसेल तर तेव्हाच सांगा. तीच कहाणी परत पहिल्यापासून सांगत बसू नका.

आणि निर्णय तुमच्या बाजूने लागला तरी ती शिफारस असते, हुकूम नाही. कौन्सिलने नाही म्हटलं तर ओम्बड्समन बेलिफ पाठवत नाही. तो जाहीर रिपोर्ट काढू शकतो, मग तो कौन्सिलला मीटिंगमध्ये घ्यावा लागतो, पेपरात जाहिरात द्यावी लागते, अब्रूचा प्रश्न होतो. प्रत्यक्षात ९९ टक्क्यांहून जास्त वेळा कौन्सिली ऐकतात, त्यामुळे दात नसलेला वाघ म्हणणारे लोक अर्धंच सांगतात. निर्णय साइटवर टाकतात, त्यात कौन्सिलचं नाव असतं, तुमचं नसतं. तक्रार लिहायच्या आधी तिथे जाऊन तुमच्या विषयाचे पाच-सहा जुने निर्णय वाचा, तुमच्याच कौन्सिलचे मिळाले तर फारच उत्तम, कशाला फॉल्ट म्हणतात आणि किती पौंड देतात ते अर्ध्या तासात कळतं.

निर्णय विरुद्ध गेला तर अपील नाही. महिन्याभरात रिव्ह्यू मागता येतो, पण तो त्यांच्याकडेच, आणि त्यांनी काहीतरी तथ्य चुकीचं धरलं किंवा तुमच्याकडे आधी देता न आलेला नवीन पुरावा असेल तरच अर्थ आहे. त्यापुढे ओम्बड्समनच्याच निर्णयावर जुडिशियल रिव्ह्यू, मुदत जास्तीत जास्त ३ महिने, आणि खर्च ऐकून बहुतेक जण तिथेच थांबतात.

काकूंना माफीचं पत्र, १५० पौंड आणि सुपरवायझरचा फोन नंबर मिळाला, बिन आता दर मंगळवारी जातो. मी पण माझ्या वेळी रिव्ह्यूचा ईमेल लिहायला घेतला होता, रागारागात दोन पानं झाली होती, मग ऑफिसरच्या रिपोर्टमधल्या त्या तीन ओळी परत वाचल्या आणि ड्राफ्ट डिलीट केला. किचनला एलईडी पॅनल लावलंय, पोहे करताना मोहरी तडतडलेली दिसते तेवढा उजेड आहे.